पोटखराब म्हणून सोडलेला ठेवा

सुगी आटोपून खळीं मोकळीं झालीं, म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंच्या घरीं प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणी तिरुपतीस जातो, कोणी शिर्डीस जातो, कोणी गणपतिपुळ्यास समुद्र पाहावयास जातो. आणि चार पैसे अधिक हातीं आले असतील तर मुलांच्या हट्टाखातर महाबळेश्वरहि करून येतो. जावें. चार मुलूख पाहिल्यानें मनुष्य शहाणा होतो ह्याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु प्रवासाहून परतलेल्या अशा गृहस्थास, "आपल्या परभणी जिल्ह्यांत काय काय पाहिलेंत?" असा प्रश्न केला तर तो हंसतो आणि म्हणतो, "आपल्याकडे पाहण्यासारखें आहे काय? होतें एक औंढ्याचें देऊळ, तें हिंगोलीच्या वांट्यास गेलें."

वाटणी झाली हें खरें. १९९९ सालच्या १ मे रोजीं हिंगोली जिल्हा निराळा निघाला आणि औंढा नागनाथाचें ज्योतिर्लिंग तिकडे गेलें. परंतु एक रक्कम वजा पडली म्हणून खात्याची बाकी शून्य झाली, असें जमाखर्च जाणणारा कोणीहि म्हणणार नाहीं. आम्हीं मराठी शाळेंत शिकून महसूल खात्यांत तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी केली. आतां निवृत्त होऊन घरची कोरडवाहू जमीन पाहत आहों. विद्वत्तेचा आमचा दावा नाहीं. पण हिशेब कोठें चुकला हें दाखविणें हा आमचा जन्माचा धंदा असल्यामुळें ह्या चुकलेल्या हिशेबाविषयीं चार शब्द लिहीत आहों.

सात-बाराच्या उताऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राखालीं पोटखराब्याचा रकाना असतो, तो प्रत्येक खातेदाराच्या ओळखीचा आहे. खडक, खांचखळगे, खळें, गोठा ह्यांखालील जमीन 'अ' वर्गांत आणि रस्ता, पाऊलवाट, सर्वांच्या उपयोगाचा ओढा किंवा तळें, स्मशानभूमि ह्यांखालील जमीन 'ब' वर्गांत लिहिण्याची वहिवाट आहे. मूळ आकारणींत दोहोंवरहि आकार बसविलेला नाहीं. ही व्यवस्था योग्यच आहे. ज्यांत पीक येत नाहीं त्यावर सारा कसला घ्यावयाचा? परंतु झालें असें कीं, कागदावरचा हा शून्य हळूहळू आमच्या डोळ्यांत उतरला. ज्यावर आकार नाहीं त्याला किंमत नाहीं, असें आम्ही सर्वच समजूं लागलों. जिल्ह्यांतील जुन्या बारवा, ओस पडलेलीं देवळें, नदींतील बेटें, टेकड्यांवरील लेणीं हीं सारीं अशाच बिनआकाराच्या जमिनींत आहेत. तीं आम्हीं पाहिलीं नाहींत ह्याचें कारण तीं दूर आहेत हें नव्हे. तीं हिशेबांत धरावयाचीं असतात हेंच आम्ही विसरलों.

हें आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं दोन भाऊबंदांच्या बांधाच्या तंट्यांत स्थळपाहणीसाठीं आम्हांस एका गांवीं जावें लागलें. गांवाचें नांव सांगत नाहीं, कारण दोष आमचा आहे, गांवाचा नाहीं. बांधाच्या टोकास बाभळी, बोरी आणि घाणेरी ह्यांची गच्च जाळी माजली होती व तींतून एक घडीव दगडी कांठ दिसत होता. "हें काय?" म्हणून विचारतां कोणी तरी म्हणालें, "जुनी हीर आहे, पडलेली." ऊन कडक होतें, दिवस मावळण्यापूर्वीं कचेरींत परतावयाचें होतें. आम्हीं जाळींत डोकावूनहि पाहिलें नाहीं. टिपणावर 'जुनी पडीक विहीर, पोटखराब ४ गुंठे' असें लिहिलें, पंचांच्या सह्या व आंगठे घेतले आणि निघालों.

निवृत्त झाल्यावर एका सोयऱ्याच्या आग्रहानें सेलू तालुक्यांतील वालूर येथील बारव पाहण्याचा योग आला. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. बहुतेक बारवा चौकोनी असून त्यांच्या पायऱ्या सरळ खालीं उतरतात. वालूरच्या ह्या बारवेच्या पायऱ्या मात्र शंखाच्या वळशाप्रमाणें गोल फिरत फिरत पाण्याकडे जातात. अशी रचना फार दुर्मिळ आहे. गाळानें आणि कचऱ्यानें बुजलेली ही बारव गांवकऱ्यांनींच श्रम करून मोकळी केली. कांठावर उभें राहून खालीं पाहत असतां आम्हांस एकाएकीं वीस वर्षांपूर्वींचा तो जाळींतला घडीव दगड आठवला.

दुसऱ्याच आठवड्यांत आम्ही त्या गांवीं गेलों. जाळी आतां नव्हती. पण विहीरहि दिसत नव्हती. प्लॅस्टिकच्या पिशव्या, फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या, फुटकीं कौलें आणि सोयाबीनचें कुटार ह्यांनीं ती कांठापर्यंत भरली होती. तेथून दहा हातांवर एक बोअर घेतलेला होता व त्याचें पाणी माघांतच तुटतें असें समजलें. ज्या म्हाताऱ्या खातेदाराच्या बांधासाठीं आम्ही पूर्वीं आलों होतों, तो भेटला. "बाबा, एवढी चांगली बारव तुम्हीं बुजविली कशी?" असें आम्हीं विचारलें. त्यानें आम्हांस ओळखलें होतें. तो शांतपणें म्हणाला, "सायेब, तुमीच तव्हा कागदावर पडीक लिव्हलं. पडीक म्हणल्यावर तिथं टाकायचं न्हाई तर कुठं टाकायचं?" ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आजहि सुचत नाहीं.

ह्या प्रसंगानंतर आम्हीं आपला जिल्हा पुन्हां पहिल्यापासून पाहावयाचें ठरविलें. खिशांत सवलतीचा एस. टी. चा पास नव्हता कीं दारांत मोटार नव्हती, कधीं एस. टी., कधीं आगगाडी, कधीं एखाद्या ओळखीच्याची दुचाकी, असा तो प्रवास झाला. जें पाहिलें त्याचा हिशेब वाचकांपुढें ठेवतों.

उत्तरेस जिंतूर तालुका घ्यावा. अजिंठ्याच्या डोंगराची शाखा येथें उतरते आणि काळी जमीन सोडून खडकाळ माळ लागतो. जिंतूर शहराला लागूनच नेमगिरीची टेकडी आहे. तींत जैनांचीं लेणीं असून नेमिनाथ, शांतिनाथ, पार्श्वनाथ, बाहुबली ह्यांच्या भव्य मूर्ति आहेत. लेण्यांचीं दारें इतकीं लहान आहेत कीं वाकल्याखेरीज आंत जातां येत नाहीं. आंत गेल्यावर मूर्ति पाहून मान वर करावी लागते. पार्श्वनाथाची प्रचंड मूर्ति तर लहानशा दगडावर टेकलेली असल्यामुळें तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. दूरदूरचे जैन यात्रेकरू येथें येतात. जिंतूरच्या बाजारास वर्षानुवर्षें बैल घेऊन जाणारे किती शेतकरी ही टेकडी चढले असतील, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

त्याच तालुक्यांत चारठाणा हें गांव आहे. यादवांच्या काळाच्या आगेमागे हें मोठें नगर असावें, असें तेथील अवशेष पाहून वाटतें. गल्लीच्या वळणावर देऊळ, घराच्या परसांत कोरीव खांब, ओढ्याच्या कडेस पायऱ्यांची बारव, असा सारा प्रकार आहे. मोकळ्या जागीं एकटाच उभा असलेला नक्षीदार दगडी स्तंभ आणि गोकुळेश्वराचें देऊळ व त्याची बारव हीं तरी अवश्य पाहावीं. आपण ह्या बांधणीस हेमाडपंती म्हणतों. यादवांचा प्रधान हेमाद्रि ह्याच्या नांवावरून तें नांव पडलें, पण अशीं कांहीं देवळें त्याच्याहि पूर्वींचीं आहेत. चुन्याचा उपयोग न करतां दगडावर दगड बसवून, खांचेंत खांच अडकवून तीं उभीं केलेलीं आहेत. आपल्या मळ्याभोंवतीं बिनचुन्याची पौळ रचणाऱ्या शेतकऱ्यास ह्या कामाची कदर शहरी प्रवाशापेक्षां अधिक कळली पाहिजे. पावसाळ्यांत आपली पौळ कोठें फुगते आणि कां पडते हें त्याला ठाऊक असतें. मग सात-आठशें पावसाळे सोसून हें काम कसें राहिलें, हें त्यानें जाऊन पाहावें.

जिंतुरापासून पुढें गेल्यावर पूर्णा नदीवरचें येलदरी धरण लागतें. तें १९६८ सालीं पुरें झालें. ह्या पाण्यावर गहूं, हळद, ऊंस पिकविणाऱ्या कित्येक शेतकऱ्यांनीं तें पाणी जेथें साठतें ती जागा कधीं पाहिलेली नाहीं. हिवाळ्यांत सकाळीं ह्या जलाशयाच्या कांठीं उभें राहिलें असतां पाण्यावर पाणपक्ष्यांचे थवे दिसतात आणि पलीकडे डोंगराची निळी ओळ दिसते. ज्याच्या पाटाचें पाणी आपण घेतों त्या धरणाचें दर्शन घेणें हें कृतज्ञतेचेंहि काम आहे. आणि धरणांत पाणी किती आहे हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहणारा शेतकरी उन्हाळी पिकाचा बेत अधिक जपून करतो.

आतां पश्चिमेकडे वळूं. पाथरी हें नांव घेतलें कीं लोकांस साईबाबांचें जन्मस्थान म्हणून असलेली श्रद्धा आणि २०२० सालच्या जानेवारींत त्यावरून उठलेला वाद आठवतो. तो वाद मिटविण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु पाथरीची आणखी एक गोष्ट आहे व ती प्रत्येक वतनदाराच्या वंशजानें ऐकण्याजोगी आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचें मूळ घराणें पाथरीच्या कुलकर्ण्यांचें होतें, असें फेरिश्ता ह्या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. पाथरी त्या काळीं वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. पूर्वजांचें गांव आपल्याकडे असावें म्हणून बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारानें बदल्यांत दुसरा मुलूख देऊं केला; इमादशहानें तें मानलें नाहीं; तेव्हां १५१८ सालीं स्वारी करून पाथरी घेण्यांत आली. कुलकर्णीपणाच्या गांवासाठीं दोन शाह्या भांडल्या! आम्ही त्याच गांवावरून शंभर वेळां गेलों असूं, पण एस. टी. स्थानकावरचा चहा पिण्यापलीकडे पाथरीशीं आमचा संबंध आला नव्हता.

पाथरी तालुक्यांतच गोदावरीच्या पात्रांत मुद्गलेश्वराचें देऊळ आहे. नदी भरली कीं देवळाभोंवतीं पाणी येतें, आणि ओसरली कीं माणसें पात्रांतून चालत दर्शनास जातात. नदीचा लोट वर्षानुवर्षें अंगावर घेणाऱ्या ह्या देवळाकडे पाहिलें म्हणजे गंगाकांठच्या लोकांनीं नदीशीं कसें सख्य राखलें होतें तें कळतें.

दक्षिणेस गंगाखेड. जनाबाईचें हें जन्मग्राम. जात्यावर दळतांना आमच्या आयाबहिणींच्या ओठीं जिचें नांव असे, तिच्या गांवीं मुद्दाम जाऊन यावें असें मात्र पंढरीच्या वाटेवरच्या पुष्कळांस सुचत नाहीं. परभणीहून परळीकडे जाणारी आगगाडी गंगाखेडास थांबते. त्याच तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं धारासूर येथें गुप्तेश्वराचें प्राचीन देऊळ आहे. त्याच्या बाहेरील अंगावरच्या सुरसुंदरींच्या मूर्ति पाहून आम्ही तासभर तेथून हललों नाहीं. अशा कामाच्या शोधांत लोक हळेबीड-बेलूरपर्यंत जातात. तिकडेहि जावें, पण धारासूर पाहून मग जावें.

पालम तालुक्यांतील जांभूळबेटाविषयीं थोडें अधिक लिहितों. गोदावरीच्या दोन धारांमध्यें हें बेट आहे. जांभळींच्या दाटीवरून त्यास हें नांव पडलें. तेथें मोरांचा आणि पक्ष्यांचा राबता आहे. नदीकांठच्या माणसास बेट म्हणजे काय हें सांगावयास नको: नदीनेंच आणून टाकलेली माती, झाडांच्या मुळ्यांनीं धरून ठेविलेली. मुळ्या सुटल्या कीं माती जाते. दर मोठ्या पुरांत ह्या बेटाचा कांठ ढासळतो आणि कांठची झाडें पाण्यांत जातात. आसपासच्या गांवकऱ्यांनीं झाडें लावून तें राखण्याचा यत्न चालविला आहे, तो स्तुत्य आहे. परंतु पात्रांतून वाळूचा बेसुमार उपसा झाला म्हणजे तळ खोल जातो आणि दोन्ही कांठ आपोआप खचूं लागतात, ही गोष्ट कोणत्याहि गंगथडीच्या शेतकऱ्यास विचारावी. ज्या वाळूनें आमचीं घरें बांधलीं जातात ती कोठून येते, हा प्रश्न आम्हीं स्वतःलाहि विचारावयास हवा. देऊळ पडलें तर दगड तरी उरतात. बेट वाहून गेलें तर नकाशावरची रेघहि खोटी पडते.

एवढें सर्व एका जिल्ह्यांत आहे. येथें 'काखेंत कळसा आणि गांवाला वळसा' ही म्हण तंतोतंत लागू पडते. पण आम्हांस आणखी एक गोष्ट मनास लागली, ती सांगतों. २०१८ साली निघालेली शंभर रुपयांची जांभळी नोट खिशांतून काढून तिची मागील बाजू पाहावी. तीवर गुजराथेंतील पाटण येथील राणीकी वाव चितारलेली आहे. ती वाव म्हणजे एक बारवच. सरस्वती नदीच्या पुरांच्या गाळानें ती बुजून शेंकडों वर्षें मातीखालीं गेली होती. विसाव्या शतकांत पुरातत्त्व खात्यानें गाळ काढून ती उघडी केली, आणि २०१४ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारसा म्हणून मान दिला. अशी नोट खिशांत घालून आम्ही आपल्या गांवच्या बारवेंत कचऱ्याची पाटी रिकामी करतों.

आतां ह्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करूं.

पहिला आक्षेप असा: "कापसाला भाव नाहीं, सोयाबीनला भाव नाहीं, सोसायटीचें कर्ज डोक्यावर आहे, आणि तुम्ही देवळें व बेटें पाहावयास सांगतां!" आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. आमच्याहि घरीं तेंच आहे. परंतु लांबच्या यात्रेस जो खर्च होतो तो पुष्कळदां उसनवारीनें होतो, हेंहि तितकेंच खरें. आम्ही खर्च वाढवा म्हणत नाहीं. दशमी-चटणी बांधून सकाळीं निघावें व रात्रीं घरच्या अंथरुणावर निजावें, एवढाच हा प्रवास आहे. शिवाय बारवेचा प्रश्न हा केवळ प्रेक्षणीयतेचा नाहीं, पाण्याचा आहे. जुन्यांनीं बारव खोदली ती पाणी पाहूनच खोदली. गाळ निघाला तर ती पुन्हां भरते कीं नाहीं हें पाहावयास फार मोठें भांडवल लागत नाहीं. नवा बोअर घ्यावयास मात्र लागतें, आणि तो कोरडा गेला तर तें बुडतें.

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे. "लोक येऊं लागले तर स्थळाची नासाडी होईल; आज शांतता तरी आहे." ह्यांतहि तथ्य आहे. जेथें गर्दी लोटली तेथें पत्रावळी, बाटल्या आणि कर्णे आले, हें आपण पाहतोंच. म्हणूनच आमची मागणी 'पर्यटनस्थळ' अशी पाटी लावा, कमान बांधा, फरशी बसवा, अशी नाहीं. परगांवच्या शंभर मोटारी येण्यापूर्वीं शेजारच्या दहा गांवांतील माणसें तें स्थळ पाहून गेलीं पाहिजेत. ज्यानें स्थळ पाहिलें आहे व मुलांस दाखविलें आहे, तो त्याचा राखणदार होतो. सरकारचा रखवालदार सर्व ठिकाणीं पुरा पडणार नाहीं. शेजारी तेथेंच राहतो.

तिसरा आक्षेप उत्पन्नाचा. "ह्यांतून शेतकऱ्यास काय मिळणार?" आज फारसें मिळणार नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. राज्य सरकारनें २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरण ठरविलें. आपल्याकडे ज्वारीचा हुरडा आहे. परभणीच्या कृषि विद्यापीठानें 'परभणी वसंत' हा खास हुरड्याचा वाण काढलेला आहे. पौषांत चारठाणा किंवा वालूर पाहावयास आलेल्या पाहुण्यास शेतावर हुरडा, गूळ, दह्याची चटणी देऊन रास्त मोबदला घेणें ह्यांत कमीपणा नाहीं. परंतु त्यावर कर्ज काढून खोल्या बांधण्याची घाई कोणी करूं नये. आधीं पाहुणा येऊं द्यावा, मग ओसरी वाढवावी.

आतां आमच्या सूचना थोडक्यांत लिहितों.

वर्षांतून दोन दिवस प्रत्येक शेतकरी कुटुंबानें आपल्या जिल्ह्यासाठीं राखावे. मार्गशीर्ष-पौषांत एक दिवस जिंतूर, नेमगिरी, चारठाणा व येलदरी ह्यांस द्यावा. त्या वेळीं पाणी भरलेलें असतें आणि हवा चांगली असते. दुसरा दिवस चैत्र-वैशाखांत वालूर व इतर बारवांसाठीं ठेवावा, कारण पाणी उतरल्यावरच बारवेच्या खालच्या पायऱ्या व कोनाडे दिसतात. १८ मे हा विद्यापीठाच्या स्थापनेचा दिवस. १९७२ सालीं त्या दिवशीं विद्यापीठ स्थापन झालें आणि त्या सुमारास बियाण्यासाठीं व मेळाव्यासाठीं आमचे पुष्कळ बंधु परभणीस येतातच. त्यांनीं बियाण्याची पिशवी घेऊन सरळ घरीं न जातां पोखर्णीचा नृसिंह पाहून जावें. तेथें आगगाडीचें स्थानकहि आहे.

गांवच्या ग्रामसभेंत आपल्या शिवारांतील बारव, जुनें देऊळ, वीरगळ, कोरीव दगड ह्यांची यादी एकदां वाचून दाखवावी व ती ठरावांत नोंदवावी. १९५४ सालच्या सुमारचें खासरा पाहणी पत्रक आणि गांवचा जुना नकाशा काढून पाहिला तर ह्यांपैकीं कित्येक जागांचा पत्ता लागेल. जें कागदावर एकदां नांवानिशीं आलें तें बुजविणें पुढच्यास कठीण जातें, हा आमच्या सबंध नोकरीचा अनुभव आहे.

जुन्या मूर्तींस व खांबांस तेलाचा रंग देऊं नये, आणि देवळाच्या भेगांत सिमेंट भरूं नये. हें भक्तीनेंच केलें जातें, पण रंगाखालीं कोरीव काम बुजतें आणि सिमेंटानें जुन्या दगडी कामास अपाय होतो. जें स्थळ सरकारनें संरक्षित केलें असेल त्यास पुरातत्त्व खात्यास विचारल्यावांचून हात लावूं नये. शेत नांगरतांना जुनीं नाणीं, मूर्ति वगैरे सांपडल्यास ती गोष्ट दडवूं नये. दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणें १८७८ सालच्या निखात निधीच्या कायद्यानें बंधनकारक आहे.

शेवटची सूचना शिक्षकांस व पालकांस. शाळेची सहल दूरच्या करमणुकीच्या बागेंत नेण्यापूर्वीं ती एकदां आपल्याच तालुक्यांत न्यावी. मुलानें बारवेच्या पायऱ्या मोजल्या तर तो त्या विसरत नाहीं.

त्या गांवचें पुढें काय झालें हें सांगून हा लेख पुरा करतों. आम्हीं तेथील ग्रामसभेंत जाऊन सांगितलें कीं, टिपणावर 'पडीक विहीर' असें लिहिणारे आम्हीच होतों व तें न पाहतां लिहिलें होतें. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग तरुण मंडळींपैकीं कांहीं जण पुढें आले. चार रविवार काम झालें. औषधांच्या बाटल्या निराळ्या काढल्या, कुटार खतासाठीं खड्ड्यांत टाकलें. आतांपर्यंत सात पायऱ्या मोकळ्या झाल्या असून एका बाजूस कोरीव कोनाडा दिसूं लागला आहे. पाणी अद्याप लागलेलें नाहीं, आणि लागेलच असें आम्ही छातीठोकपणें सांगत नाहीं. तो म्हातारा खातेदार रोज सकाळीं कांठावर येऊन बसतो व कोणी पिशवी घेऊन आला तर त्याला परत पाठवितो. गव्हाची कापणी झाली कीं काम पुन्हां धरावयाचें आहे.

वाचकांपैकीं ज्यांच्या शिवारांत अशी एखादी 'पडीक विहीर' असेल, त्यांनीं ती एकदां जाळींत शिरून पाहावी आणि काय दिसलें तें ह्या मासिकाकडे लिहून कळवावें, एवढीच विनंति.